न बोलावणारी माणसं

बाई, मला तुमचा संशय होता, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पुरता गेलेला नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत तुम्ही वरच्या मजल्यावर एकट्या राहायचात. ख्रिस्ती, पण चर्चची पायरी न चढणाऱ्या. गळ्यात क्रूस नाही, भिंतीवर येशू नाही. रविवारी सकाळी तुमच्याकडे मोजकी माणसं यायची आणि दार उघडं टाकून चिडीचूप बसायची. ना पाद्री, ना गाणं. कुणाला काही सुचलं तर त्याने बोलायचं, बायकांनीसुद्धा. मग एकच पाव मोडून सगळ्यांनी खायचा. "ह्यांचा कायतरी वेगळाच असा," आई म्हणायची. त्यात तुम्ही मला फुकट इंग्रजी शिकवायला लागलात. झालं! "गळाक गांडूळ लावल्याशिवाय मासो गावणा नाय. बाटवतली तुका!"

आठवीत तुम्ही मला दप्तर शिवून दिलंत. आईने त्याचं अस्तर उसवलं, आत क्रूस नाहीतर कागद शिवला असेल म्हणून. काहीच निघालं नाही. तिने ते परत टाचलं, वाकडंतिकडं. तुम्ही ते पाहिलंत आणि पुढचा धडा काढलात. माझा संशय आणखी वाढला. इतकं चांगलं कोण असतं हो?

शेवटी मी विचारलंच, "बाई, तुम्ही मला बाटवणार का?"

तुम्ही चहा गाळताय. हसत नाही. सांगताय, की आजोबांच्या गावी दुष्काळ पडला तेव्हा मिशनचे साहेब बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी ज्वारी द्यायचे. गाव आजोबांसारख्यांना 'ज्वारीचे ख्रिस्ती' म्हणून हिणवायचं. आजोबांना ते फार लागलं. येशू सोडवेना, साहेब सोसवेना. मग चार घरं घेऊन ते बाहेर पडले, भायखळ्याला आले, गिरणीत लागले. "तेव्हापासून आमच्यात कुणाला बोलवायचं नाही. पोटच्या पोरालाही नाही. ज्याला यायचं त्याने मोठेपणी आपल्या तोंडाने मागायचं."

मी मनात म्हटलं, थापा! आणि वाट बघत राहिले. दहावीच्या निकालाला वाटलं, आता विचारतील. नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हाही वाटलं. परळच्या हॉस्पिटलात तुमचा हात धरून बसले होते, तेव्हा तर नक्कीच. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "सासूबाई जेवायच्या थांबल्या असतील. जा तू."

परवाच्या रविवारी भायखळ्याला तुमच्या लोकांच्या बैठकीला गेले होते. तुमच्यातली तीन म्हातारी माणसं उरलीत. "बसा," एवढंच म्हणाली. पाव माझ्यासमोरून गेला. कुणी पुढे केला नाही, कुणी आड हात धरला नाही. मी तिथेही संशयच घेत बसले, की हे न विचारणं हाच तुमचा गळ तर नव्हता?

नसावा. गळ असता तर कुणीतरी ओढला असता. हे पत्र कुठे पाठवणार, उशीखाली ठेवतेय. पण एक सांगते, बाई. तुम्ही विचारलं असतंत, तर मी नाहीच म्हटलं असतं. तरी एकदा विचारायचं होतंत हो.