गोटी हळू दाब

बाबा, तुमचा सोडा मी रोज समुद्रावर नेतो. अंदमानात पाहुण्यांना खोल पाण्यात उतरवण्याआधी मी त्यांच्यासमोर सोड्याची बाटली धरतो आणि म्हणतो, "आमच्या गावात एक सोडावाला होता." गावात एक सोडावाला! 'माझे वडील' एवढे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. तुम्ही होतात तेव्हाही मी तिथं सांगायचो की वडिलांचा शीतपेयांचा व्यवसाय आहे. पांढरकवड्याच्या हायवेवरची आपली हिरवी टपरी कुणी पाहिली असती तर हसून लोळला असता.

आठवतं ना? मी दहा वर्षांचा आहे. तुम्ही गोटीच्या बाटल्या लोखंडी यंत्रात अडकवता, दांडा फिरवता. "गॅस पाण्यात मुरते," तुम्ही सांगता, "दाब हाय तोवर चूप बसते." मी शहाणपणा करत एका ट्रकवाल्यासमोर बाटलीची गोटी खाडकन आत दाबतो आणि अर्धा सोडा त्याच्या शर्टावर. तुम्ही खेकसता, "अबे, कायले घाई करून राह्यला? हळू दाब. आधी गॅसले वाट दे!" मग त्या माणसाला दुसरी बाटली देता आणि उरलेली अर्धी मला पाजता. रागावून झाल्यावर काहीतरी पाजायचं, ही तुमची पद्धतच होती.

पाहुण्यांना मी हेच सांगतो. खाली पाण्याचा दाब असतो, तिथं घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. घाईनं वर आलं की त्याचेच बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, माणूस लुळाही पडू शकतो. म्हणून सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. पुढचे चोवीस तास विमानात बसायचं नाही, कारण उंचावर दाब आणखी कमी. आणि काही दुखलं तर लगेच सांगायचं. या दुखण्यात लोक लाजेपायी गप्प बसतात, 'हवेची टाकी उचलून हात भरला असेल' म्हणतात. वेळेत सांगितलं तर प्राणवायू लावता येतो, दाबाच्या खोलीत ठेवून बरं करता येतं. लपवलं तर वाढत जातं. हे सगळं मी फार रंगवून सांगतो, बाबा. लोक टाळ्या वाजवतात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी पाण्यातून वर आलो, तर फोनवर ताईचे अकरा कॉल. तुम्हाला यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं होतं. मी म्हणालो, "ताई, आत्ताच पाण्यातून आलोय. उद्यापर्यंत विमानात बसता येत नाही." ती रडत म्हणाली, "मंग नको येऊ बापू. तुले काही झालं तं बाबा मले माफ करणार नाहीत." संध्याकाळी तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी अग्नी दिला. मी पोचलो तेव्हा राख निवत आली होती. तेराव्याला ताई येईल त्याला सांगत होती, "तो पाण्यात होता, त्याले मालूमच नव्हतं." काका म्हणाले, "नियमापुढं पोरगं काय करन?" चारचौघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

मला माहीत होतं. ताईनं त्या दिवशी सकाळीच, मी पाण्यात उतरण्याआधी, आवाजातला निरोप पाठवला होता: "बाबाले दवाखान्यात नेऊन राह्यलो. तुलेच इचारून राह्यले. तू निंघ." मी तो पूर्ण ऐकला. आधी वाटलं, मागच्या वेळीही हिनं असंच घाबरवलं होतं. मग वाटलं, एकदा पाण्यात उतरलो की आज जायचा प्रश्नच मिटला. यातलं दुसरं खरं. तुम्हाला खाटेवर पडलेलं पाहायची मला भीती वाटली. बोट तेव्हा धक्क्यालाच होती, दुपारच्या विमानात जागाही मिळाली असती. जीव वाचवायचा नियम मी तुमच्यापासून लपायला वापरला. लाज वाटते, बाबा. आठ वर्षं झाली, कमी होत नाही.

आज ताईकडे आलोय. तिच्या जुन्या फोनमध्ये तुमचा फोटो शोधताना तो निरोप सापडला. मी तो किती वाजता ऐकला, तेही खाली दिसतंय. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी ती माझ्यासाठी खोटं बोलत राहिली.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. जिच्या हातात द्यायला हवं, ती ताई पलीकडच्या खोलीत आहे. घडी करून खिशात ठेवणार आहे. मघाशी नवीन शेजारीण आली होती, तुमच्या फोटोकडे पाहून तिनं विचारलं, शेवटी सगळे जवळ होते का, तेव्हा ताई म्हणाली, "माझा भाऊ पाण्यात होता ना तवा." मग ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी होकारार्थी मान हलवली.