चष्म्यावरचा हेडसेट

शुक्रवार, संध्याकाळ

विमान चालवायला शिकते तिथल्या मैत्रिणींचे दोन हेडसेट आज वापरून बघायला घरी आणले. त्यातला हलका, देखणा मी दोन मिनिटांत पसंत केला. आबा म्हणाले, "थांब गं. चष्म्यावर घालून तासभर बस, मंग सांग."

तो लावून लसूण सोलत बसले. अर्ध्या तासात चष्म्याची काडी कानामागं अशी रुतली! हवेत काय केलं असतं? काढून ठेवला असता?

आबांनी वाळूजच्या कारखान्यात, प्रेसशॉपातल्या पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, वर्षानुवर्षं तेच केलं. चष्म्यावर कान दुखतात म्हणून आवाज अडवणारे इअरमफ खिळ्याला टांगायचे.

दुसरा जड आहे, पण कानावरची गादी मऊ. काडी जाणवतच नाही. तोच घेणार.

"आबा, बरं झालं तुम्ही थांबवलं," मी म्हटलं. ते टीव्हीकडंच बघत राहिले.

मग शेजारी बसून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.