उसनं अक्षर

ता. ९, सकाळ

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. मजकूर माझा, अक्षर उसनं आहे. कुणाचं ते विचारू नकोस. नेहमी लिहून देणारी शेजारीण लेकीकडे गेली, म्हणून हाताशी सापडला त्याला बसवलाय.

जाण्याआधी तिने तुझं पत्र वाचून दाखवलं. तू केलेल्या नव्या फॉन्टचा मोठा कागदही उलगडून दिला. तू लिहिलं होतंस, "आजी, वाचणाऱ्यांना शब्द दिसतात, आकार दिसत नाहीत. तुला वाचता येत नाही, म्हणून तूच बघ." शहाणे, माझ्या अडाणीपणाचं उभ्या जन्मातलं हे पहिलं कौतुक!

कागद खिडकीपाशी टांगला. चार दिवस उलटा होता म्हणे. मला तसाही आवडला. सगळी अक्षरं एका बाजूला कललेली, जशा बायका दुसरीची भानगड ऐकायला कलतात. पोट जाड, कंबर केसाएवढी, पायाशी बारीकशी टाच. नटवी आहेत नुसती! दुसऱ्या ओळीतलं शेवटचं तेवढं रुसल्यासारखं ताठ उभं आहे. त्याला जरा वाकव. ताठ राहून कुणाचं भलं झालंय? (इथे लिहिणारा थांबला होता. मी परत सांगितलं.)

बाजारातल्या पाट्या मला कधी वाचता आल्या नाहीत. पण तुझ्या बापाने रंगवलेली कुठली, ते मी लांबून सांगायची. रेघ जाड सुरू करायची आणि वळणावर ब्रश असा उचलायचा, की ती केसासारखी होऊन निघून जायची. तुझ्या कागदावर तीच उचल आहे, पोरी. लहानपणी त्याच्या शिडीखाली बसून असायचीस, ते काही वाया गेलं नाही.

"माझं काम खाणारं यंत्र तूच शिकायला निघालीस," म्हणाला आणि तुझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हापासून ब्रशही माळ्यावर. काल त्याला कागदासमोर उभा केला. म्हटलं, "ही उचल कुणाची रे?"

"कंप्यूटरची."

म्हणाला खरा, पण बोट हवेत तसंच फिरवत होता मेला. (हो, तोच लिहितोय. म्हटलं, 'मेला'सुद्धा लिही.)

महिनाअखेरीस ही अक्षरं छापखान्यात जाणार. त्याआधी बाबा काय म्हणतो ते तुला ऐकायचंय, हे तू कुठेच लिहिलं नाहीस. मला लिहिलेलं वाचता येत नाही गं, न लिहिलेलं येतं.

माझं सांगून झालं. अंगठा उठवते आणि चहा टाकायला जाते. खाली कागद बराच उरलाय. तिथे कुणी काही खरडलं, तर मला कुठे कळणार आहे?

तुझी,
आजी (अंगठा)

बारीक रेघ थोडी जाड कर. रस्त्यापलीकडून दिसायला हवी. केलीस की आधी मला पाठव. ताठ अक्षर कसं वाकवायचं, ते मागच्या बाजूला ब्रशने काढलंय. ब्रश बऱ्याच दिवसांनी माळ्यावरून काढलाय. सांभाळून घे.

बाबा