पाहुण्यांसाठीची गाजरे

मिलर्स फोर्ड, ओहायो
१५ फेब्रुवारी

तीर्थाइतक्याच दूर आणि तितक्याच दुर्मिळ अशा वासंतीताईस श्रीपादचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुझे गुडघे एव्हाना तुझे ऐकू लागले असावेत.

प्रथम तुझ्याविरुद्धची फिर्याद. तू विणलेली टोपी पोचली. ऊब उत्तम, परंतु तिच्या शिखरस्थानी लाल गोंडा आहे. छप्पन्न वर्षांच्या, संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या इसमाला गोंडा? मंजिरी तो कापू देत नाही. "वन्संनी मायेनं लावलाय," म्हणते. परवा तसाच कोर्टात गेलो, तर दारावरचा शिपाई म्हणाला, "आज लहान मुलांची सुनावणी आहे. तुमच्याबरोबर मोठं कुणी आलंय का?" प्रतिवादीने खुलासा करावा.

तू विचारतेस, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस कोर्टात कशाला जातो, काही केले आहेस का? अजून नाही. इथे हाल किंवा हेळसांड झालेले मूल सरकारने ताब्यात घेतले की खटल्यात आईला वकील असतो, सरकारला वकील असतो. मुलासाठी न्यायाधीश गावातलाच एक साधा माणूस नेमतात, बिनपगारी. त्याने शाळेत, शेजारी, घरी चौकशा करायच्या आणि या मुलाचे भले कशात आहे ते लिहून द्यायचे. लहानपणी 'किती प्रश्न विचारतोस रे' म्हणून तू मला माजघरातून हाकलायचीस. त्या दुर्गुणावर आता कोर्टाचा शिक्का आहे.

माझ्या वाट्याला आठ वर्षांची टेसा आली. तिची आई शॉना गोळ्यांच्या नशेत बुडाली होती. आता वर्षभर त्यातून सुटलेली आहे, किराणा दुकानात नोकरी करते. टेसा तूर्त दुसऱ्या कुटुंबात राहते आणि रविवारी आईकडे येते. ती कायमची घरी परतणार की नाही, हे मंगळवारी ठरायचे आहे.

गेल्या रविवारी मी शॉनाकडे गेलो. आमची एक रीत आहे : घरात गेले की परवानगी मागून फ्रिज उघडायचा. खरे काय ते जाणण्याची प्रत्यक्ष, अनुमान वगैरे चार प्रमाणे वाईच्या शास्त्रीबुवांनी मला शिकवली होती, पाचवे हे. आत दूध, दही, सफरचंदे आणि पिशवीभर गाजरे. मी परीक्षकाच्या थाटात मान डोलावली.

टेसा शेजारीच उभी होती. "श्री," ती म्हणाली (अख्खा श्रीपाद तिला पेलत नाही), "ही गाजरं तुझी आहेत."

"माझी?"

"तुम्ही लोक येता तेव्हाच असतात. तुम्हाला आवडतात ना?"

"टेसा!" शॉना लालबुंद झाली आणि मग माझ्यावरच उखडली. "मग काय करू? रिकामा फ्रिज दाखवू? तुमच्या घरी येऊन कुणी दारं उघडून बघतं का?"

ताई, मला तुझे कांदेपोहे आठवले. शेजारून आणलेल्या कपबश्या, आणि तुझ्या नावावर खपवलेले मावशीचे भरतकाम. तेवढ्याने तू काही खोटी ठरली नाहीस.

"बघत नाही," मी म्हणालो. "बघितलं तर आठवडाभराची शिळी आमटी सापडेल."

"ती काय असते?" टेसाने विचारले.

"डाळीचं सूप. तुला नाही आवडणार."

"तुला तर गाजरंपण आवडतात! तुझं काय सांगावं!"

शॉनाला हसू आवरेना. मग मी विचारले, "तुम्ही दोघी खाता ते कुठंय?" टेसाने मला हाताला धरून ओट्याखालच्या कपाटाशी नेले. अगदी जमिनीलगतच्या फळीवर शेंगदाण्याचे लोणी, बिस्किटे, बोटाने झाकण उघडता येणारे घेवड्याचे डबे. वरच्या फळ्या मोकळ्या.

"सगळं इतकं खाली का?" मी सवयीने विचारले.

"तिचा हात पोचावा म्हणून." शॉना ओटा पुसत होती. "एखाद्या सकाळी मी उठले नाही, तर ती उपाशी राहायला नको."

"उठले नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कळलं तेच. रोज उठते, कामावर जाते. पण स्वतःची हमी देणं मी सोडलंय. पूर्वी उठसूट देत होते."

निघताना टेसा फाटकापर्यंत आली. "जज्जबाईंना सांग, मला इथंच राहायचंय. आणि मी म्हटलं तस्संच सांग, तुमच्या मोठ्यांच्या भाषेत नको."

मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहायचे, हा आमचा नियमच आहे. ते लिहिले. शॉनाचेही जसेच्या तसे लिहिले. त्याखाली माझे मत : टेसाला घरी पाठवावे. आपण पुन्हा पडू शकतो हे जी बाई तोंडावर सांगते आणि त्याची तजवीज करते, ती लपवणाऱ्यापेक्षा भरवशाची. हा माझा उत्तरपक्ष, म्हणजे साऱ्या शंकांना दिलेले उत्तर, आणि मला तो पटतो.

आता एवढा वेळ टाळत होतो ते लिहितो. पूर्वी शॉना दोन-दोन दिवस शुद्धीवर नसे, तेव्हा टेसा आपली आपण वेणी घालून वेळेवर शाळेत जाई. बाईंनी विचारले की हसून सांगे, "आई मजेत आहे." कित्येक महिने कुणाला संशयही आला नाही. ती घरी गेली की थोड्याच दिवसांत माझी नेमणूक संपेल. मग जाऊन विचारण्याचा अधिकार मला उरणार नाही, आणि विचारले तरी ती काय उत्तर देईल ते मला ठाऊक आहे. माझे मत चुकले असेल, तर टेसा ते कुणालाही सांगणार नाही. मला त्याची भीती वाटते, ताई.

मत देऊन बसलेला,
तुझा श्रीपाद