नीरेचे खडे

गुरुवार, जळोची

सुनेच्या फोनने स्वस्थता घालवली, म्हणून लिहायला बसले. तिला जर्मनीत खड्यांच्या गौरी बसवायच्यात. "आई, नीरेतले पाच खडे पाठवा ना."

मी फटकन म्हणाले, "आपण ज्या पाण्यावर राहतो, तिथलेच खडे आणतात."

"मग इथल्या नदीतले आणू?"

मी विषय बदलला. नियम माझाच. पण हो म्हटलं, तर मुलगा तिथलाच झाला असं मीच मान्य केलं ना?

सांगवीच्या जाऊबाई हसल्या, "दे की गं! पाच खड्यांनी नीरा आटती व्हय?"

द्यावेत का खडे? दिले म्हणून ती दोघं परत थोडीच येणार आहेत?

उद्या तिकडे निघालेल्या शेजारच्या वैशालीकडे दिलं: हळदीकुंकू, सुताचे दोरे आणि फोनवर बोलवेना म्हणून एक चिठ्ठी, 'खडे तिथलेच आण.'