बारा खुर्च्यांची वाटणी

मी, गुलाम नबी वल्द शेख दाऊद, वय ७३, धंदा सुतारकी व शिल्पकाम, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो पाहून दिवाळीपर्यंत म्हटलं आहे, म्हणून आज.

माझी पत्नी हलीमा सहा वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी रुक्सार पुण्यात असते. धाकटा भाऊ अबूबकर याची गावातच आरा मशीन आहे. शरीयतप्रमाणे माझ्या मिळकतीत निम्मं मुलीचं, निम्मं भावाचं. बाहेरच्या माणसाला फार तर तिसरा हिस्सा देता येतो.

घर : राहतं घर व मागची कामाची शेड हयातीतच रुक्सारच्या नावावर करून देतो म्हणालो. ती म्हणाली, "अब्बू, घर घेतलं की तुमच्या खुर्च्याही आल्या. मला त्या नकोत." म्हणून घर माझ्याच नावावर राहिलं. तिला दोष देत नाही. शाळेत पोरं तिला 'तीनपायी' म्हणत. मुंबईच्या कलाशाळेतून परत आल्यावर मी तीन पायांची, बिनखिळ्याची, बुटकी सागवानी खुर्ची बनवली. १९८३ साली एका मासिकात तिचा फोटो आला. गावानं विचारलं, हिच्यावर बसायचं का हिच्याकडं बघायचं? चाळीस वर्षांत छत्तीस विकल्या गेल्या. पोट भरलं ते दारांच्या चौकटींवर.

भाऊ : चौकातली चिंच वादळात पडली तेव्हा तिच्या खोडातून मी अकरा फुटांची 'उभी' कोरली. बाईच, पण आमच्यात मूर्त मना, म्हणून तोंड नसलेली. तरीही अब्बांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. १९९१ पासून ती बसथांब्याजवळ होती. बाया तिच्या सावलीला जीपची वाट बघत. मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला, तिचा लिलाव झाला, आणि अबूबकरनं ती घेऊन आऱ्यावर चिरली. मी पोचलो तेव्हा फळ्या रचून झाल्या होत्या. तो म्हणाला, "भाई, मी न्हाई तर दुसऱ्यानं घेतली असती. चिंचेचं लाकूड कुणी सोडतं का?" बोलणं बराबर होतं. म्हणूनच माफ करता येत नाही. त्याचा हिस्सा त्याला कायदा देईल, मी दिला असं कुणी म्हणू नये. मय्यतीला त्यानं यावं. खांदा देऊ नये.

तिसरा हिस्सा : रंधे, पटाशा व उरलेल्या बारा खुर्च्या शालूबाई उकंडराव यांना. तीस वर्षं माझ्या लाकडाला पॉलिश त्यांनीच केलं. आधी दोन संग्रहालयांना पत्रं घातली होती. एकाचं उत्तर आलं, जागा नाही. शालूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नबीभाई, दोन ठेवीन. बाकीच्या चुलीत जातील. तुमच्याशी खोटं काहून बोलू?" माझी हरकत नाही. हलीमा शेवटची दोन वर्षं ज्या खुर्चीत बसून श्वास घेई, ती या बारांतच आहे. कोणती, ते सांगत नाही. कुणावर जपायची तकलीफ नको.

कबरीवर नाव कोरू नये.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल.

साक्षीदार : १) शाकीर, किराणा दुकानदार  २) सोमेश्वर, निवृत्त शिक्षक
लिहिणार : देविदास
गोरेगाव, १४ सप्टेंबर २०२४

शेरा : हात थरथरत असल्यानं सही नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा तीनदा घेतला. रेघा उमटत नाहीत, लाकूड घासायच्या पॉलिश कागदानं पन्नास वर्षांत घासून गेल्या आहेत. नुसता काळा डाग येतो. तोच ग्राह्य धरावा.