साडेदहाची वाटी

चारकोप,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. माणिक हिस,
अनेक आशीर्वाद. वहिनी म्हणून द्यायचे ते देऊन झाले, आता मैत्रीण म्हणून लिहिते.

दिवाळीत आपलं फोनवर वाजलं, तेव्हापासून फोन घेतला की माझी जीभ आधी पुढे पळते. म्हणून हे पत्र. टायपिंगच्या क्लासात बाकाखालून चिठ्ठ्या द्यायचो, तसंच समज. तुझ्या लाडक्या भाचीच्या, श्रुतिकाच्या, बॅगेत टाकतेय, पाकीट चिकटवून. सोबत संक्रांतीचे लाडू आहेत.

तुझ्या दादाची तब्येत बरी आहे. रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर देखरेख करतो आणि दिवसभर सेक्रेटरीशी भांडतो. मजेत आहे.

आता मुद्द्याचं. काल श्रुतिकाची निळी पॅन्ट मी कमरेत आत घेतली. चांगली दोन बोटं. टाके घालताना आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण मनात सारखं एकच येत होतं, की हे माझ्या घरात का नाही झालं? समोरच्या रांगेतल्या रुक्मिणीबाई तर तोंडावर म्हणाल्या, आत्याचा हात लागला गो पोरीला. मी हसले आणि घरात येऊन कुकरचं झाकण आपटलं.

वर्षभर मी काय करायचं बाकी ठेवलं? सकाळी दुधीचा रस, भात बंद, सातला जेवण आणि त्यानंतर स्वयंपाकघराला कडी. फरसाणाचे डबे माळ्यावर. काटा जागचा हलला नाही. मुलुंडला ऑफिस लागलं, रोज जाऊन-येऊन चार तास नकोत म्हणून सोमवार ते शुक्रवार तुझ्याकडे ठेवली, तर तीन महिन्यांत हे. आणि तू म्हणे तिला रात्री साडेदहाला खायला घालतेस. रात्री गं. आम्ही रात्रीचं खाणं बंद करून थकलो आणि तू खायला घालून बारीक केलीस.

दुसरंही सांगते. शनिवारी इथे ती दहाला पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करते. तिथे तुम्ही अकरापर्यंत हसत बसता. भावोजी आतून ओरडतात, हळू बोला म्हणून. हे तिनेच तुझ्या दादाला सांगितलं, मला नाही.

त्या वाटीत काय असतं ते लिही. आणि तुम्ही काय बोलता तेही.

लोभ आहेच. हे वाचून तो कमी करू नकोस.

तुझी,
नलिनी


मुलुंड पूर्व,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. (वयाने तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, पण दादाशी लग्न लावून दिलं तेव्हापासून वाकते आहे.)

लाडू पोचले. ह्यांना शुगर म्हणून अर्धा दिला, तर दुसऱ्या अर्ध्यासाठी दिवसभर फुगून बसले. श्रुतिकाने एक खाल्ला, सावकाश, चावून. दुसरा मागितला नाही, मीही सुचवला नाही.

वाटीत काय असतं? कधी ज्वारीच्या लाह्या, कधी भाजलेले चणे, कधी वाफवलेले मूग, वर कांदा, काकडी, लिंबू. मूठभर. बरोबर पेलाभर पातळ ताक. ह्यांच्या शुगरसाठी आहारवाल्या बाईंनी सांगितलं होतं, की भूक लागली तर उपाशी झोपायचं नाही, नाहीतर माणूस दीड वाजता उठून मिळेल ते खातो. ह्यांच्यासाठी करायची, आता दोघांसाठी करते. जादू काही नाही गो.

पण तू विचारलंस म्हणून खरं सांगते. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मी रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात अंधार, आणि ही फ्रिजच्या आडोशाला उभी. हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, निम्म्याच्या वर संपलेला. मला बघून तिने तो पाठीमागे लपवला. चोवीस वर्षांची मुलगी, पगार घेणारी. मला रडूच आलं. कढई ठेवली, लाह्या टाकल्या आणि तिला कांदा चिरायला सांगितला. दुसऱ्या दिवसापासून झोपायच्या आधीच वाटी टेबलावर ठेवायला लागले. पुडा पुन्हा दिसला नाही.

बोलतो काय? ऑफिसातल्या गमती. कधी तुझ्या आणि माझ्या क्लासातल्या गोष्टी. आणि आता हेही सांगून टाकते, कारण तिला तुझ्यापुढे धीर होत नाही. ते सावंतांचं स्थळ तिला नको आहे. त्या बाई बघायला आल्या तेव्हा तिच्या पोह्यांच्या बशीकडे बघत होत्या म्हणे. तू त्यांना अजून होकार कळवला नसशील तर थांब.

रागावशील, माहीत आहे. रागावून झालं की आधीसारखी हो.

तुझी,
माणिक


चारकोप,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. माणिक हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा.

माझ्या मुलीला स्थळ नको आहे हे मला माझ्या नणंदेच्या पत्रातून कळतं. तिला माझ्यापुढे धीर होत नाही म्हणे. मी काय वाघीण आहे? त्या सावंतबाई पुन्हा पुन्हा फोन करतात, तो मी उचलते, तू नाही. चार माणसांत तिच्या वजनावरून बोललं गेलं की मान माझी खाली जाते. आत्याला काय, वाटीभर लाह्या दिल्या की ती चांगली.

आणि लपवण्याचं म्हणशील तर ते मला नवीन नाही. गेल्या एप्रिलमध्ये मीही तिला तशीच धरली होती, वेफर्स खाताना. मी काय केलं? फक्त दिवा लावला. मारलं नाही, काही नाही. तुझी कढई मोठी आणि माझा दिवा खोटा, असं का?

तुझा सुयोग बंगळुरूहून महिन्यातून एकदा फोन करतो, ते घर भरायला माझी मुलगी लागली का तुला? हे लिहू नये, कळतंय. पण आता लिहिलं, खोडत नाही.

एक तारखेपासून श्रुतिका घरून जाईल. चार तास लागले तरी चालतील.

कळावे. बाकी आज काही सुचत नाही.

नलिनी


मुलुंड पूर्व,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

आत्याने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तिच्यावर चिडू नकोस, ती दोन दिवस ते उशाखाली घेऊन झोपत होती. मी पत्रं लिहिलेली नाहीत कधी, मायना तिलाच विचारला.

आई, तू फक्त दिवा लावला नव्हतास. तू बाबांना उठवलंस. बाबा डोळे चोळत आले आणि तू त्यांना म्हणालीस, बघा, ही अशी आहे तुमची मुलगी. बाबा बिचारे तसेच परत गेले. मी तोंडातलं गिळूही शकत नव्हते आणि थुंकूही शकत नव्हते. तू हे विसरली असशील. मला त्या रात्रीच्या माझ्या टी-शर्टचा रंगसुद्धा आठवतो.

आत्याकडे मी फार सुखात आहे असं नाही. तिचा टीव्ही मोठ्याने असतो आणि काका बाथरूममध्ये तासभर बसतात. पण इथे मला, आत्या, भूक लागली, असं म्हणता येतं. घरी मी हे शेवटचं कधी म्हटलं ते आठवत नाही.

डिसेंबरमध्ये चार किलो उतरलं तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता. आत्याला नंतर सांगितलं. तू विचारलंस, अजून किती राहिलं. मी म्हटलं, ऑफिसात बोलावतायत, आणि फोन ठेवला. कोणी बोलावत नव्हतं.

या शनिवारी मी येत नाही. रुसून नाही, पण आले तर आपण भांडू आणि बाबा मध्ये सापडतील. सावंतांना नको म्हणून मीच कळवते, तुला ते बोलावं लागायला नको.

एक तारखेचं तूच ठरव. तू घरून जा म्हणालीस तर जाईन. पण भिंतीकडे तोंड करूनच झोपेन, हे आधी सांगते.

तुझीच,
श्रुतिका

(याच पाकिटात)

वहिनी, तिचं पत्र मी वाचलेलं नाही. माझं मात्र एक सांगायचं राहिलं. तू सुयोगचं लिहिलंस ते मला लागलं, कारण ते खरं आहे. ती माझ्याशी खुलून बोलायला लागली तेव्हा मला फार गोड वाटलं, आणि त्या गोडीत तुला मागे टाकल्याचाही भाग होता. क्लासात तुझा स्पीड नेहमी माझ्यापेक्षा जास्त. तुझ्या लग्नानंतर आईसुद्धा उठसूट नलिनीला विचारा म्हणायची. एकदा तरी माझं बरं झालं, असं वाटलं मला. रुक्मिणीबाईंचं वाक्य तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. लाज वाटते, पण लपवून काय करू. – माणिक


चारकोप,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय माणिक,
आशीर्वाद राहू दे आज.

पोरीचं पत्र पोस्टाने आलं ते मी गच्चीवर जाऊन वाचलं. नंतर तुझ्या दादाला विचारलं, मी तुम्हाला उठवलं होतं का हो त्या रात्री? तो म्हणाला, हो. एवढंच. इतके महिने बोलला नव्हता. मला खरंच आठवत नव्हतं, माणिक. शपथेवर सांगते. मला दिवाच आठवत होता.

तुझी चिठ्ठी वाचून आधी राग आला, मग बरं वाटलं. मला वाटत होतं जळणारी मी एकटीच.

काल ती आली. मीच तिला फोन करून म्हटलं होतं, की ये, बाकी काही नाही. सकाळी बाजारातून ज्वारीच्या लाह्या आणल्या, मूग शुक्रवारीच भिजत घातले होते. कडी लावली नाही. साडेदहाला वाटी टेबलावर ठेवली आणि तिला हाक मारायला गेले, तर ती पांघरुणात, भिंतीकडे तोंड. परत आले. पावणेअकरा झाले. मला वाटलं, आता हे सगळं मीच खाऊन टाकावं, आणि खायलाही लागले, ओट्यापाशी उभी राहून. माझी ती जुनीच सवय. सगळे झोपले की पातेल्यातला उरलेला भात, आमटीचा तळ. तुझ्या आईच्या घरात सुनेने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ते तसंच राहिलं. त्यालाही खाणं म्हणतात हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मी तिचे डबे माळ्यावर ठेवत होते आणि स्वतः रोज अंधारात खात होते, तिच्यासारखीच.

ती केव्हा उठून दारात आली कळलं नाही. बराच वेळ बघत असावी. मी पटकन वाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली,

"आई, बसून खा ना."

मी बसले. तीही बसली. लाह्या मऊ पडल्या होत्या, मुगात मीठ कमी. तिने सांगितलं की आत्या लिंबू पिळते. मला जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू, पण उठून लिंबू कापलं. सावंतांचा विषय मी काढला नाही. वजनाचाही नाही, जिभेच्या टोकावर तीनदा आला तरी. शेवटी तिनेच सांगितलं, पाच किलो झालं. मी म्हटलं, बरं झालं गो, आणि पुढचं वाक्य गिळलं. मग तिने ऑफिसातल्या कुणा अंबादासची नक्कल करून दाखवली. तुला ती आधीच दाखवून झाली असणार. मी विचारलं नाही.

ती उद्या सकाळी तुझ्याकडे येते. एक तारखेचं मी मागे घेतलं आहे. चार तासांत पोरीचा जीव जाईल, आणि तुझं घर सुनं होईल, ही दोन्ही कारणं खरी आहेत. तिला नीट ठेव. फार हसवू नकोस मात्र, थोडं शनिवारसाठी राहू दे.

मनातलं लिहीत जा, माझ्यावर जळलीस तरी लिही. मीही लिहीन.

तुझी,
नलिनी